गाडीला डोळे दोन, तुम्हाला पाहणारा एकच



मागच्या महिन्यात गटाची बैठक झाली, हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि चहा होईस्तोवर एका ताईंनी विषय काढला. त्यांची थोरली लेक आयटीआय करून चाकणच्या बाजूला एका कारखान्यात लागली आहे. सणाला घरी आली तेव्हा तिने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कारखान्यात एक बुटकी गाडी पाठीवर खोक्यांची थप्पी घेऊन आपली आपण चालली आहे. ड्रायव्हर नाही, दोरी नाही, रूळ नाहीत. गाडीवर एक खांब, खांबाच्या टोकाला डब्याएवढं काहीतरी गोल. आणि ताईंची लेक हसत हसत गाडीसमोर जाऊन उभी राहते. गाडी थांबते. "बघ आई, हिला वर लेझरचा डोळा आहे. माणूस दिसलं की थांबते."

आईला काही हसू आलं नाही. त्यांनी आम्हाला दोन गोष्टी विचारल्या. त्या लेझरने पोरीचे डोळे तर जाणार नाहीत ना? आणि ती गाडी दर वेळी थांबेलच का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर "नाही" असंच आहे. पहिलं "नाही" आईला धीर देणारं आहे, दुसरं काळजीत टाकणारं. आम्ही दोघी हा कार्यक्रम करतो त्यातली एक जण काही वर्षं कंपनीत मेंटेनन्सला काम करून आली आहे, अशा गाड्यांवर तिने हात काळे केलेत. त्यामुळे आज ऐकीव नाही, पाहिलेलं सांगणार आहोत. आपल्या कितीतरी मुली आणि सुना आज चाकण, रांजणगाव, वाळूजला कंपनीच्या बसने जातात, भिवंडीच्या गोदामांत काम करतात. घरी बसून त्यांची वाट बघणाऱ्यांनाही हे माहीत असलेलं बरं.

या गाडीला कारखान्यात एजीव्ही म्हणतात. बिनड्रायव्हरची गाडी तशी नवी नाही. 1950 नंतरच्या दशकात अमेरिकेत पहिल्या गाड्या निघाल्या, त्या तारेच्या मागे मागे चालायच्या, रुळावरच्या रेल्वेसारख्या. तार जिथे नेईल तिथेच जायचं. पुढे 1990 च्या सुमारास स्वीडनमधल्या लोकांनी लेझरवर चालणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या आणि तार सुटली. आता गाडीला स्वतःच समजायला हवं, की मी कुठे आहे.

ते तिला समजतं कसं? तुम्ही संध्याकाळी शेतातून निघालात, अंधार पडला, पायाखालचं दिसत नाही. तरी तुम्ही चुकत नाही. डाव्या हाताला देवळाचा दिवा दिसतो, समोर पाण्याच्या टाकीवरचा बल्ब, उजवीकडे लांब मोबाइलच्या टॉवरची लाल बत्ती. तिन्ही कुठल्या बाजूला दिसतात त्यावरून तुम्ही मनात ताडता, की आपण ओढ्याच्या अलीकडे आहोत. खांबावरचा तो लेझरचा डबा हेच करतो. तो गरगर फिरत सगळीकडे प्रकाशाची बारीक रेघ फेकतो. भिंतींवर, खांबांवर, रॅकवर ठरावीक ठिकाणी चकाकत्या पट्ट्या लावलेल्या असतात, त्यांना रिफ्लेक्टर म्हणतात. रेघ पट्टीवर पडली की उजेड परत येतो. कुठल्या दिशेने आला आणि किती वेळाने आला, यावरून डबा हिशेब करतो. उजेडाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. तीस मीटरवरच्या पट्टीला जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा पन्नास लाखावा भाग लागतो. तेवढं बारीक घड्याळ त्या डब्यात असतं.

आणि ती पट्टी म्हणजे काय, तर आपल्याला ठाऊक असलेलं रेडियमच. उसाच्या हंगामात बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या मागे चिकटवतात ना, तशीच जात. साधा आरसा उजेड भलतीकडे फेकतो. रेडियमची पट्टी उजेड जिथून आला तिथेच परत पाठवते, म्हणून ट्रकवाल्याच्या डोळ्यांना ती लखलखते आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला फिकी दिसते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता डोळ्यांचं. लेझर म्हटलं की आई घाबरणारच. गेल्या काही वर्षांत गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझर लाइटने पोरांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आपल्याच राज्यातून आल्या, काही ठिकाणी पोलिसांनी त्या लाइटवर बंदी घातली. ती भीती खोटी नाही. पण लेझर लेझरमध्ये फरक आहे, चुलीतला जाळ आणि निरांजनाची वात यांत असतो तसा. लेझरच्या यंत्रांचे धोक्याप्रमाणे वर्ग पाडलेले असतात आणि वर्ग यंत्रावरच्या लेबलावर छापलेला असतो. गाडीवरचे हे सेन्सर बहुतेक क्लास 1 चे असतात. क्लास 1 म्हणजे नेहमीच्या वापरात, उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं गेलं तरी इजा होणार नाही इतकी कमी ताकद. शिवाय रेघ सतत फिरत असते, डोळ्यावर क्षणभरही टिकत नाही. तुमच्या मुलीने एकच करायचं, लेबल वाचायचं. क्लास 1 सोडून दुसरं काही लिहिलेलं असेल तर काय काळजी घ्यायची ते विचारायचं.

एका सुनेने हळूच विचारलं होतं, दिवस गेलेले असताना त्या गाड्यांजवळ काम केलेलं चालतं का. लेझर म्हणजे उजेड, एक्स-रे नव्हे. तो कपड्यातून, कातडीतून आत पोटापर्यंत जात नाही. गाडीच्या लेझरचं भय धरायचं कारण नाही. ओझं उचलणं, आठ तास उभं राहणं, रात्रपाळी, याबद्दल मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. आमच्या मते तिथे जास्त लक्ष द्यायला हवं.

एक अपवाद. यातल्या बऱ्याच सेन्सरचा उजेड डोळ्याला दिसतच नाही. दिसत नाही म्हणजे चालू नाही, असं समजून कुणी डब्याचं झाकण उघडलं, तर क्लास 1 ची हमी तिथेच संपली. ती हमी बंद डब्याची आहे. काच तडकलेली, टोपण फुटलेलं दिसलं तर डोकावून बघायचं नाही, गाडी बाजूला घ्यायला सांगायचं. दुरुस्ती बनवणाऱ्या कंपनीकडची.

हे झालं पहिलं "नाही". आता दुसरं, आणि खरं तर याच्यासाठीच आम्ही आज बसलो आहोत.

ताईंची लेक म्हणाली, "वर लेझरचा डोळा आहे, माणूस दिसलं की थांबते." यात अर्धी गोष्ट चुकली. खांबावरचा डोळा माणसाला बघतच नाही. तो माणसाच्या डोक्यावरून बघतो, मुद्दाम तसाच बसवलेला असतो, म्हणजे येणारी-जाणारी माणसं रिफ्लेक्टरच्या आड येऊ नयेत. त्याचं काम एकच, मी कुठे आहे. समोर तुम्ही आहात की नाही, हे त्याला विचारलेलंच नाही.

तुम्हाला बघणारा डोळा खाली आहे. गाडीच्या पुढच्या अंगाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक पिवळा किंवा काळा डबा असतो, त्याला सेफ्टी स्कॅनर म्हणतात. पाठीमागे चालणाऱ्या गाडीला मागेही असतो. तोही लेझरचाच, पण त्याचं काम वेगळं. तो गाडीसमोर जमिनीला समांतर असा उजेडाचा पंखा पसरतो. त्याच्या दोन हद्दी असतात. लांबच्या हद्दीत कुणी आलं की गाडी हळू होते, भोंगा वाजवते. जवळच्या हद्दीत आलं की ब्रेक. दारातला कुत्रा आधी गुरगुरतो आणि मग अंगावर येतो, तसं.

या दोन डोळ्यांत गल्लत झाली की काय होतं ते बघा. मुली खांबावरचा डबा फिरताना बघतात आणि निर्धास्त होतात. खालच्या स्कॅनरवर धूळ बसली, त्याच्यासमोर कुणी खोकं ठेवलं, गाडीला मागून कुणी घासलं, इकडे लक्ष जात नाही. आणि खालचा डोळाही सगळं बघत नाही. तो वीतभर उंचीवर एका पातळ कापासारखा बघतो. पोटऱ्या दिसतात. त्या कापाच्या वर काय आहे, ते त्याला दिसत नाही. रॅकमध्ये वाकून कुणी हात बाहेर काढला असेल, टेबलाची फळी मार्गात आली असेल, फोर्कलिफ्टचे दात उचललेले राहिले असतील, तर खालून सगळं मोकळंच. गाडीवरचा माल बाजूने बाहेर आला असेल तर तो कुणाच्या कंबरेला लागेल, हेही त्या डोळ्याला कळणार नाही.

मग पोटरी दिसली तरी पुरे का? तेही अंतरावर आहे. सेकंदाला दीड मीटर वेगाने निघालेली गाडी ब्रेक लागायला अर्धा सेकंद घेते असं धरलं, तर तेवढ्यात पाऊण मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर घसरणं वेगळं. पाठीवर टनभर माल आणि खाली तेल सांडलेली फरशी असेल तर आणखी. हद्द ही सगळी बेरीज करून आखलेली असते, पण समोरून चालत येणाऱ्या माणसासाठी. रॅकच्या आडून कुणी एकदम गाडीपुढे उडी घेतली तर हद्द ओलांडून ती आधीच आत आलेली असते. अरुंद बोळात, चार्जिंगच्या जागी, मशीनला माल लावताना तर हद्द मुद्दाम आखूड केलेली असते, नाहीतर गाडीला भिंतच माणूस वाटेल आणि ती तिथे पोचणारच नाही. म्हणून अशा जागा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी आखतात, तिथे गाडी रांगत चालते आणि माणसाने जायचंच नसतं. व्हिडिओत मोकळ्या रस्त्यावर थांबलेली गाडी त्या बोळात थांबेल, हे कुणी सांगितलं?

त्या दिवशी ताईंच्या लेकीला काही झालं नाही. पण तो खेळ बघून उद्या दुसरी कुणी करेल.

आता जरा बसवण्याच्या कामाकडे. आपल्या गटांतल्या बऱ्याच मुली आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स घेतात, डिप्लोमा करतात, आणि कंपनीत त्यांना पॅकिंगलाच लावतात. त्यांनी मेंटेनन्स मागून घ्यावं असं आम्हाला वाटतं. हे काम डोक्याचं आहे, ताकदीचं नाही, आणि घर बांधताना गवंड्याकडे जिचं लक्ष असतं तिला ते पटकन कळतं.

खांबावरचा सेन्सर बसवताना पहिली गोष्ट पाणसळ. डबा अगदी सपाट बसला पाहिजे. एका अंशाने तिरका झाला तर जवळ काही कळत नाही, पण तीस मीटर लांब जाईपर्यंत रेघ अर्ध्या मीटरने वर किंवा खाली जाते. रिफ्लेक्टर तिथल्या तिथे आणि रेघ त्याच्या वरून! गाडी म्हणते मला काही दिसत नाही, आणि माणसं सेन्सर खराब झाला म्हणून नवा मागवतात. आमच्या मेंटेनन्सवालीने असा सेन्सर बदललेला पाहिला आहे, दोष होता खांबाच्या ढिल्या बोल्टात. खांब भक्कम हवा, चालताना थरथरता कामा नये. डब्याच्या चारही बाजू मोकळ्या हव्यात. माल पूर्ण चढवल्यावर थप्पी त्याच्या आड येते का, हे रिकाम्या गाडीवर कळत नाही.

दुसरं, पट्ट्या कुठे लावायच्या. जागा ठरवायला किमान तीन तरी पट्ट्या दिसायला हव्यात, आणि मार्गावर कुठेही उभं राहिलं तरी तीनपेक्षा जास्त दिसतील अशी सोय करतात, म्हणजे एखादी झाकली गेली तरी अडत नाही. आणि त्या सारख्या अंतरावर लावायच्या नाहीत. घरकुलाच्या रांगेत सगळी घरं एकसारखी असली की पाहुणा भलत्याच दारात जातो ना, तसंच गाडीचंही होतं. इकडे दोन मीटर, तिकडे साडेतीन, पलीकडे पाच असं विस्कटून लावलं की प्रत्येक जागेचं रूप वेगळं दिसतं. लावल्यावर प्रत्येक पट्टीची जागा मोजून गाडीच्या संगणकात भरतात. तुमच्या शिवारात मोजणीवाले तीन पायांवर यंत्र मांडून समोरच्या माणसाच्या हातातल्या काठीवरच्या भिंगाकडे बघतात, तसंच यंत्र इथेही वापरतात. पट्टी एकदा मोजली की ती हद्दीच्या दगडासारखी. रंगकाम करताना काढून "जवळपास" परत चिकटवली, तर गाडी त्या चुकीवर विश्वास ठेवून चालेल.

भुलवणाऱ्या गोष्टीही असतात. चकचकीत स्टीलचा खांब, काचेचं दार, आणि सेफ्टी जॅकेटवरची रेडियमची पट्टी. हो, तीच. रिफ्लेक्टरच्या उंचीवर शिडीवर चढून कुणी जॅकेट घालून काम करत असेल, तर गाडीला ती नवीच खूण वाटू शकते. जॅकेट काढायचं नाही, शिडीचं काम असेल तेव्हा त्या भागातल्या गाड्या थांबवायच्या.

आणि हे सगळं करताना स्वतः सुरक्षित कसं राहायचं? गाडी नुसती थांबवून चालत नाही, बॅटरीचा कनेक्टर काढायचा, त्याला कुलूप लावायचं आणि कुलपावर आपल्या नावाची चिठ्ठी. किल्ली आपल्या खिशात, दुसऱ्या कुणाच्या नाही. गाडीच्या टपावर उभं राहून खांबाला हात लावायचा नाही, शिडी किंवा फलाट घ्यायचा. आपली गाडी बंद असते पण शेजारच्या मार्गावरच्या चालू असतात, म्हणून भोवती साखळी लावायची. पुढे रस्ता शिकवताना रिमोटने गाडी हळू चालवतात, तेव्हा गाडीसमोर उलटं चालत तिला "ये ये" करायचं नाही. हे ऐकून हसू येईल, पण नवी माणसं नेमकं तेच करतात.

शेवटी चाचणी, आणि ती पाय घालून करायची नाही. त्यासाठी काळ्या रंगाचे दंडगोल असतात. एक 7 सेंटीमीटर जाडीचा आणि 40 सेंटीमीटर उंच, म्हणजे उभ्या माणसाची पोटरी. दुसरा 20 सेंटीमीटर जाडीचा आणि 60 सेंटीमीटर लांब, आडवा ठेवायचा, म्हणजे पडलेला माणूस. पडलेला माणूसही गाडीला दिसायलाच हवा, म्हणून तर स्कॅनर इतका खाली बसवतात. पूर्ण माल लादून, पूर्ण वेगात, मार्गावरच्या वेगवेगळ्या जागी दंडगोल ठेवून बघायचं आणि वहीत तारखेसह लिहायचं. मार्गाच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर जागा मोकळी हवी, म्हणजे माणसाला अंग चोरून उभं राहता येईल. या गाड्यांसाठी आयएसओ 3691-4 नावाचं जगभर मानलं जाणारं मानक 2020 साली निघालं. हा आकडा मुलीला लिहून द्या. बैठकीत तिने तो नुसता उच्चारला तरी समोरचे सावरून बसतात, हा आमचा अनुभव आहे.

नव्या काही गाड्यांना पट्ट्या लागत नाहीत. त्या भिंती, खांब, रॅक हेच ओळखून ठेवतात, आणि कधी कधी खालचा स्कॅनरच दोन्ही कामं करतो. काही गाड्या जमिनीवरच्या चुंबकावर किंवा चौकोनी ठशांवर चालतात. आपल्याकडची कुठली, हे पहिल्या दिवशी विचारून घ्यावं, कारण अडचणी बदलतात. पट्टीवाल्या गाडीला पट्टी झाकली की त्रास. बिनपट्टीवाल्या गाडीला रॅक हलवले, थप्प्यांची जागा बदलली, की सगळा भाग अनोळखी.

आता एक घडलेली गोष्ट. आमच्यातली मेंटेनन्सवाली जिथे होती तिथली. दिवाळीच्या आधीचे दिवस, ऑर्डरी तुंबलेल्या. जागा नाही म्हणून रॅकच्या टोकाला खोक्यांच्या थप्प्या माणसाच्या वर गेल्या आणि दोन-तीन रिफ्लेक्टर झाकले गेले. गाडी तिथे आली की थांबायची, पडद्यावर जागा सापडत नसल्याचा संदेश. म्हणजे गाडी अगदी बरोबर वागत होती, मी कुठे आहे ते कळत नाही तर मी हलणार नाही. खोकी हलवायला दहा मिनिटं लागली असती. सुपरवायझर म्हणाला मॅन्युअल करून पुढे काढा. दिवसभर तेच चाललं. त्या गाडीवर मॅन्युअलला किल्ली फिरवली की खालच्या स्कॅनरची अडवणूक बंद होत असे, चालवणाऱ्याने स्वतः बघायचं असा नियम. संध्याकाळी चालवणाऱ्या मुलाची नजर पडद्यावर होती आणि मागच्या बाजूला एक मुलगी पॅलेट सरळ करत होती. तिला वाटत होतं गाडी थांबेल. पायाच्या बोटांची हाडं मोडली.

ती कंत्राटातली होती. दोन महिने घरी बसली. पहिल्या आठवड्यात कुणी म्हणालं, तू स्वतः मध्ये आलीस. अपघाताची नोंद वहीत करायलाही टाळाटाळ झाली, बरोबरच्या मुलींनी आग्रह धरला तेव्हा लिहिली गेली. ती नोंद नसती तर पुढचं सगळं अवघड होतं. ईएसआयमध्ये नाव असेल आणि कामावर इजा होऊन काम करता येत नसेल, तर रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के रक्कम मिळते, कंत्राटी असली तरी. मुलीचा ईएसआयचा विमा क्रमांक घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. नोकरी लागून सहा महिने झाले तरी कितीतरी जणींना तो माहीत नसतो.

तेव्हापासून आम्ही सांगतो, गाडी थांबली तर तिचं ऐका. का थांबली ते शोधा. समोर काही पडलंय का, खालची काच मळलीय का, पट्टी झाकलीय का. कारण सापडल्याशिवाय रिसेटचं बटण दाबायचं नाही. एकदा दाबून चालली म्हणून दुसऱ्यांदा दाबली जाते, आणि चौथ्यांदा कुणी कारण शोधतही नाही. मॅन्युअलची किल्ली ज्याला शिकवलंय त्याच्याकडेच, आणि ती फिरवण्याआधी गाडीभोवती एक फेरी.

रोजच्या कामातलं बाकी थोडक्यात. शिफ्ट सुरू होताना काचा बघा. धूळ असेल तर गाडी थांबलेली असताना मऊ, ओलसर स्वच्छ कापडाने पुसा. पदराने, टिश्यूने कोरडं घासायचं नाही, बारीक ओरखडे पडतात आणि ओरखडा पुसता येत नाही. थिनर, स्पिरिट तर नाहीच. स्कॅनरची काच फार मळली की तो स्वतःच गाडी थांबवतो, ते दुखणं नव्हे, ती त्याची राखण आहे. खांबावर हेल्मेट, पिशवी, जॅकेट अडकवायचं नाही. ओढणी, सैल पदर, लांब वेणी ॲप्रनच्या आत, कारण एवढ्या बारीक कापडासाठी गाडी थांबेल याची खात्री नाही आणि चाक ते ओढून घेईल. गाडीवरची लाल बटणं कुठे आहेत ते पहिल्याच दिवशी हाताने चाचपून ठेवा, वेळेला डोळे शोधत बसत नाहीत. गाडीवर बसून प्रवास नाही, तिच्या मार्गात डबा खायला बसणं नाही.

हे सगळं मुलीने विचारायचं कुणाला, आणि विचारलं तर नोकरीवर बेतेल का, ही भीती आम्हाला समजते. म्हणून दोन गोष्टी. 1948 च्या कारखाने अधिनियमात 1987 च्या दुरुस्तीने 111-अ हे कलम घातलं गेलं. आपल्या आरोग्याशी आणि सुरक्षेशी संबंधित माहिती मालकाकडून मागणं आणि तसं प्रशिक्षण मिळवणं हा कामगाराचा हक्क आहे, असं ते म्हणत असे. 2020 साली संसदेने केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही माहिती मागण्याचा हक्क ठेवला आहे. तेव्हा "या गाडीचा सेफ्टी स्कॅनर शेवटचा कधी तपासला, वही दाखवाल का" हा प्रश्न उर्मटपणा नाही. कंपनीत सुरक्षा समिती असेल तर तिथे तो आधी मांडावा, दोघी-तिघींनी मिळून. दाद लागली नाही तर राज्य सरकारचं औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालय आहे, कारखान्यांच्या सुरक्षेची तपासणी हे त्यांचंच काम.

खरं सांगायचं तर गाडी वाईट नाही. पूर्वी हेच ओझं बाया हातगाडीने ओढायच्या, कंबरा जायच्या. गाडीने ते ओझं घेतलं, बरं झालं.

परवा त्या ताई पुन्हा भेटल्या. त्यांनी लेकीला फोनवर एवढंच विचारलं होतं, "तुझ्या गाडीचा खालचा डोळा कुठे आहे गं?" ती म्हणाली, "खालचा? वरचाच आहे." दुसऱ्या दिवशी तिने वाकून बघितलं. होता, पिवळा, आणि त्याच्या अर्ध्या काचेवर खोक्याची चिकटपट्टी आलेली. तिने सुपरवायझरला बोलावून दाखवली, फोटो काढून आईला पाठवला, आणि तो जुना व्हिडिओ काढून टाकला.

तुमच्या घरात कुणी अशा ठिकाणी कामाला असेल तर त्यांच्याकडच्या गाडीचं काय काय वेगळं आहे ते गटाच्या बैठकीत लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या वेळी चार्जिंगच्या जागेबद्दल आणि बॅटऱ्यांबद्दल बोलायचं आहे. नमस्कार.